राखणदार आणि संशयित

गावात चोरी झाली की पहिला प्रश्न उठतो तो ‘कोणी केली?’ हा. राखण करण्याची जबाबदारी कोणाची होती आणि आता नुकसान कोण भरून देणार, हे आज सहसा कोणी विचारत नाही. दोनशे वर्षांपूर्वी देशावरच्या आणि खानदेशातल्या गावांत मात्र हाच प्रश्न आधी विचारला जाई आणि त्याचे उत्तरही ठरलेले असे. गुन्ह्याविषयीची गावाची समजूत या दोन शतकांत कशी पालटली हे पाहायचे, तर चोरांच्या इतिहासापेक्षा राखणदारांचा इतिहास अधिक उपयोगी पडतो. त्यातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा : जुन्या व्यवस्थेत संशय होताच, पण त्याला जबाबदारीची आणि मोबदल्याची जोड होती. इंग्रजी अमलात मोबदला आटला, जबाबदारी गेली आणि संशय तेवढा उरला. तो उरलेला संशय आपण स्वातंत्र्यानंतरही सांभाळून ठेवला आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलखाचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आला. त्याने १८१९ मध्ये कंपनी सरकारला पाठवलेल्या अहवालात मराठी गावांच्या बंदोबस्ताचे बारकाईने केलेले वर्णन आहे. गावच्या शांततेची जबाबदारी पाटलाची. मदतीला कुलकर्णी आणि चौगुला, आणि प्रसंग पडला तर सारा गाव. पण प्रत्यक्ष राखण करणारा माणूस महार. रात्री जागायचे, गावात कोण आले आणि गावातून कोण गेले याची खबर ठेवायची, अनोळखी माणूस दिसला तर पाटलाच्या कानावर घालायचे, गावातल्या प्रत्येकाची चालचलणूक ठाऊक करून घ्यायची, ही त्याची कामे. वेशीवर बसणारा वेसकर तोच, शिवेच्या खुणा सांगणाराही तोच. एल्फिन्स्टनने यात एक मार्मिक गोष्ट टिपली आहे. या राखणदाराचा हक्क घरोघरच्या धान्यातल्या लहानशा हिश्शाच्या रूपाने त्याला मिळे. कोणाच्या खळ्यात किती रास पडली, कोणाच्या घरात काय आले, हे त्याला स्वतःच्या हक्कासाठीच पाहत राहावे लागे आणि तो गोळा करण्यासाठी सतत फिरावे लागे. पोट भरणे आणि पाळत ठेवणे ही दोन्ही कामे एकाच फेरीत होत. गावाची माहिती ठेवण्यासाठी निराळा खर्च नव्हता, कारण ती माहिती हाच राखणदाराच्या उपजीविकेचा भाग होता.

चोरी झाली की हाच माणूस पावलांचा माग काढायला निघे. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन तिथल्या राखणदाराची खात्री पटवली की पहिल्या गावाची सुटका होई आणि पुढचा माग त्या दुसऱ्या गावाने काढायचा. असे गावामागून गाव जात जिथे माग थांबे, ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार ठरे. तिथल्या राखणदाराने आपल्या ऐपतीप्रमाणे भरून द्यायचे आणि उरलेली रक्कम साऱ्या गावावर बसायची. पूर्ण किंमत वसूल करणे कित्येकदा उघड अन्यायाचे होई, म्हणून तसे क्वचितच केले जाई. पण काही ना काही दंड बहुधा बसेच. या रिवाजाचा परिणाम गावाच्या नजरेवर झाल्यावाचून राहणे शक्य नव्हते. चोराला आसरा देणे, चोरीचा माल स्वस्तात घेणे किंवा रात्री गावातून गेलेल्या टोळीकडे काणाडोळा करणे, यांपैकी काहीही केले तरी त्याचा भुर्दंड शेवटी गावालाच बसणार होता. कबुलीसाठी छळ करण्याची रीत त्या काळी होती, हे नाकारता येत नाही. पण नुसत्या कबुलीने माल परत येत नसे आणि कोणा वाटसरूला धरून बडवल्याने गावावरचा दंड टळत नसे. खरा चोर किंवा खरा माल सापडण्यातच गावाचे हित होते.

डोंगराच्या कडेच्या मुलखात एकट्या महाराच्या जागण्याने भागत नसे. तिथे राखणीसाठी रामोशी किंवा भिल्ल ठेवले जात. पुरंदरच्या परिसरात किल्ल्याची आणि गावांची राखण रामोशांकडे होती. खानदेशात सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या पायथ्याची गावे भिल्ल जागले ठेवत. मोबदल्यात त्यांना धान्य, रोख रक्कम किंवा जमीन मिळे. या लोकांतले काही जण चोऱ्या करतात आणि दरोडे घालतात, हे गावाला पक्के ठाऊक होते आणि त्यांना राखणीला ठेवण्याचे तेही एक कारण होते. ज्यांच्यापासून भय, त्यांच्याच नाईकाला राखणदार केले की चोरी कोणी केली हे शोधणे सोपे जाई आणि चोरी झालीच तर जाब कोणाला विचारायचा हेही ठरलेले असे. शिवाय जामिनाची पद्धत होती. माणूस बोलावल्यावर हजर होईल याची हमी म्हणजे हाजीर जामीन. त्याची वर्तणूक नीट राहील याची हमी म्हणजे चाल जामीन. हमी देणारा माणूस नावागावाचा असे आणि हमी मोडली तर त्याची मानगूट धरली जाई. म्हणजे या लोकांविषयी गावाच्या मनात संशय होता, पण तो मनातच न ठेवता कराराच्या रूपात आणलेला होता.

यावर पहिला आक्षेप असा येतो, आणि तो इंग्रज अधिकाऱ्यांनीही घेतला होता, की ही राखण नसून खंडणी होती. रखवालीचा हक्क दिला नाही तर तोच राखणदार रात्री गुरे हाकून नेणार, मग त्याला राखणदार कशाला म्हणायचे? आक्षेपात तथ्य आहे. हक्क थकला की गुरे पळवणे, गंजी जाळणे हे प्रकार होत असत. पण खंडणी आणि राखण यांतला फरक देणाऱ्याच्या नाखुशीवरून ठरत नाही. घेणाऱ्यावर काही बंधन आहे की नाही यावरून ठरतो. खंडणीखोर घेतलेल्या पैशाच्या बदल्यात कशालाच बांधील नसतो. रामोशी किंवा भिल्ल नाईक मात्र गावातल्या चोरीला बांधील होता. चोर दुसऱ्या टोळीचा असला तरी माल शोधून देणे किंवा भरून देणे त्याच्या अंगावर येई. करार दमदाटीच्या छायेत झाला असेल, तरी तो दोन्ही बाजूंना बांधत होता.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि त्याला पूर्ण मान्यता दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ही सारी व्यवस्था जातीच्या उतरंडीवर उभी होती. रात्र जागायची महाराने, पावलांचा माग काढायचा महाराने, चोरी सापडली नाही तर आधी भरून द्यायचे तेही महाराने; आणि दिवसा त्याच गावात त्याचा स्पर्श चालत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडले, तेव्हा १८७४ च्या वतन कायद्याखालची ही नोकरी कशी आहे हे त्यांनी उघड केले. कामाला वेळेची मर्यादा नाही, मोबदला तुटपुंजा आणि बेभरवशाचा, आणि वतनदार हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाने राबायचे. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने संपली, हे योग्यच झाले. तेव्हा जुनी राखण परत आणावी असे सुचवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रश्न इतकाच आहे की त्या अन्यायी व्यवस्थेतून जे काढून टाकायला हवे होते ते गेले का, आणि जे ठेवण्यासारखे होते ते राहिले का. इतिहास सांगतो की घडले ते बरेचसे उलटे.

नव्या राज्याने पहिला हात घातला तो मोबदल्याला. पेशवाईबरोबर किल्ल्यांच्या शिबंद्या मोडल्या, पुरंदरच्या भागातल्या रामोशांची राखणीची कामे सुटली आणि त्यांचे जुने हक्क आटले. भिवडीच्या उमाजी नाईकाचे बंड या पार्श्वभूमीवर उभे राहिले. कंपनी सरकारने मधल्या काळात त्याला माफी देऊन चाकरीतही घेतले होते, म्हणजे चोरावरच राखण सोपवण्याची जुनी युक्ती त्यांनीही वापरून पाहिली. तो समेट टिकला नाही आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात उमाजीला फाशी दिले गेले. त्याला पकडण्याच्या मोहिमेत असलेल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशने पुढच्याच वर्षी रामोशांवर पुस्तक लिहिले. खानदेशात निराळा प्रयोग झाला. होळकरी धामधूम आणि १८०३ चा दुष्काळ यांनी उजाड झालेल्या त्या मुलखात भिल्लांच्या टोळ्या डोंगरात गेल्या होत्या. लष्करी मोहिमांनी फारसे साधेना, तेव्हा नाईकांचे जुने हक्क मान्य करणे, शेतीला जमीन आणि तगाई देणे असे मार्ग धरले गेले. १८२५ मध्ये जेम्स आउट्रामने धरणगावाला भिल्लांचीच पलटण उभारली आणि जे काम बंदुकांनी झाले नव्हते ते बऱ्याच अंशी या धोरणाने झाले. एकाच दशकातली ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की उपजीविका आणि बंदोबस्त यांचे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजांना ते कळत होते. प्रश्न होता तो ते सगळीकडे आणि कायम राबवण्याचा, आणि तिथे खर्चाची काटकसर आडवी आली.

दुसरा बदल जबाबदारीचा. १८६७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी गावपोलिसांचा कायदा झाला. पोलीस पाटलाचे काम खबर देणे, आरोपीला धरून वर पाठवणे आणि जिल्हा पोलिसांना मदत करणे इतक्यावर आले. चोरीचा तपास फौजदाराचा, निवाडा न्यायाधीशाचा. माग ज्या गावात थांबला त्या गावाने भरून द्यायचे, हा रिवाज नव्या न्यायात बसणारा नव्हता. गुन्हा एकाचा आणि भुर्दंड साऱ्या गावाला, हे व्यक्तीच्या अपराधावर उभ्या असलेल्या कायद्याला कसे पटावे? तत्त्व म्हणून हा बदल पुढचे पाऊलच होते. पण भरपाईची जबाबदारी गावावरून उतरली ती दुसऱ्या कोणाच्या अंगावर चढली नाही. सरकारने गावाची राखण आपल्याकडे घेतली आणि चोरीच्या मालाची हमी मात्र घेतली नाही. फौजदार चौकशीला येई, पंचनामा करी आणि जाई. माल मिळाला तर नशीब. एल्फिन्स्टननेच १८१९ च्या अहवालात नमूद केले होते की जुनी न्यायपद्धती सदोष असली तरी त्या काळी मुलूख भरभराटीत होता आणि कंपनीच्या अधिक नीटनेटक्या राज्यातल्या काही दुखण्यांपासून लोक मोकळे होते. त्या इशाऱ्याचा अर्थ पुढच्या दोन पिढ्यांत कळून आला.

मग सामूहिक जबाबदारी खरोखर संपली का? संपली नाही, तिचे तोंड फिरले. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ मध्ये आधी उत्तर हिंदुस्थानासाठी झाला आणि १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सरकारने एखादी जमात जाहीर केली की तिच्यातल्या माणसांची नोंद, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचे तर परवानगी. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती झाल्या. त्यांना लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखतात. ज्या राज्याने गावाला सांगितले की एकाच्या चोरीसाठी सगळ्यांना जबाबदार धरता येणार नाही, त्याच राज्याने कैकाडी, पारधी, भामटा अशा समाजांना सांगितले की तुमच्यातल्या एकाच्या चोरीसाठी तुम्हा सगळ्यांवर पाळत राहील. पूर्वी गाव मालाला जबाबदार होते. आता जात संशयाला जबाबदार झाली. पहिल्या जबाबदारीतून निदान नुकसान भरून निघत होते. दुसऱ्या जबाबदारीतून कोणाचेच काही भरून निघाले नाही. हजेरीच्या वहीत अंगठा उमटवणाऱ्याला राखणीचा हक्क मिळत नव्हता आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्याला माल परत मिळत नव्हता.

इथे तिसरा आक्षेप येतो : या समाजांतले काही लोक चोऱ्या करतच होते, मग सरकारने हातावर हात ठेवून बसायचे होते का? चोऱ्या होत होत्या, हे खरे. पण त्या का वाढल्या, हे विचारल्याशिवाय कायद्याचे समर्थन पुरे होत नाही. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहत. रेल्वे आली तशी ती वाहतूक गेली. पारध्याचे शिकारीवरचे जगणे जंगलाच्या नव्या कायद्यांनी बेकायदा ठरवले. रामोशांची राखण सुटली, ती कथा वर आलीच आहे. धंदा गेलेला माणूस चोर होतोच असे नाही. पण ज्याचा धंदा सरकारी धोरणाने गेला, त्याच्या जातीवर चोरीचा शिक्का मारणे हे कारण झाकून परिणामाला शिक्षा करण्यासारखे होते. त्या काळातल्या साहेबांचे वागणेही या शिक्क्याला खोटे पाडते. पुण्याच्या कॅम्पातल्या बंगल्यांवर रात्रीच्या राखणीला रामोशी ठेवण्याची चाल होती, आणि रामोशी ठेवला की चोरी होत नाही, असा त्यांचा अनुभव होता. कचेरीत बसून जो समाज संशयित, तोच घरी आल्यावर विश्वासाचा पहारेकरी, याचा उलगडा एकच आहे. घरी त्याला पगार होता आणि चोरीबद्दल त्याला विचारता येत होते. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांना बंडासाठी माणसे मिळाली तीही प्रामुख्याने रामोशांतूनच, कारण असंतोषाला तिथे तयार जमीन होती.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला. या कायद्यातून मोकळ्या झालेल्यांच्या, म्हणजे विमुक्त जातींच्या यादीत महाराष्ट्रात १४ जाती आहेत. त्या यादीत रामोशी आहेत, बेरड आहेत, वडार, बंजारा, कैकाडी आहेत. पुरंदरचे राखणदार या यादीत कसे आले, एवढा एक प्रश्न विचारला तरी सगळा इतिहास उलगडतो. पुढे १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जात नाही, माणसाचे पूर्वीचे अपराध पाहिले जातात, आणि हा फरक लहान नाही. पण कायद्याच्या पुस्तकातून खोडलेली गोष्ट ठाण्याच्या आणि गावाच्या सवयीतून आपोआप खोडली जात नाही. घरफोडी झाली की गावकुसाबाहेरच्या पालांवर आधी झडती, मग इतर तपास, हा क्रम विमुक्तांच्या आत्मकथनांतून मराठी वाचकाला चांगला परिचयाचा आहे. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ आणि भीमराव गस्तींचे ‘बेरड’ ही पुस्तके साहित्य म्हणून गौरवली गेली. गुन्हे आणि बंदोबस्त यांच्या इतिहासाचा पुरावा म्हणून ती तितकीच मोलाची आहेत.

गावाच्या बाजूनेही काही घडले. १९६७ च्या महाराष्ट्र गावपोलीस कायद्याने पोलीस पाटलाचे पद वंशपरंपरेतून मोकळे केले. आज त्या पदावर कोणत्याही जातीची स्त्री किंवा पुरुष बसू शकतो. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि भांडणे मिटवण्याचा मान पुन्हा गावाकडे आला. ग्रामसुरक्षा दले स्थापन झाली, दुष्काळी वर्षांत चोऱ्या वाढल्या की तरुण काठ्या घेऊन रात्री गस्त घालू लागले. या सगळ्यात चांगले पुष्कळ आहे. उणीव एकच, पण मुळाची : या गस्तीला कोणी जामीन नाही. दलाने चोर पकडला तर सत्कार होतो. निरपराध माणूस पकडला तर जाब कोणी द्यायचा, हे कुठेच ठरलेले नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार केले. ते भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले गेले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे चोरांच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा बळी गेला. तिथे तर पोलीस हजर होते.

या घटनांचे खापर केवळ मोबाइलवरच्या अफवांवर फोडले जाते. अफवा पसरल्या, हे खरे आहे. पण अफवा जुन्या काळीही होत्या. अनोळखी माणूस गावात आला की त्याची चौकशी करणारा, त्याला पाटलापुढे नेणारा एक ठरलेला माणूस तेव्हा होता आणि त्या माणसाला चुकीची किंमत मोजावी लागत होती. राईनपाड्यात चौकशी करणारे शेकडो होते आणि त्यांतला एकही त्या चौकशीला नावानिशी बांधलेला नव्हता. दुसरीकडे असेही म्हटले जाते की आता वेशीवर आणि चौकात सीसीटीव्ही बसले, हा प्रश्न तंत्रानेच सुटेल. कॅमेरा चेहरा दाखवील, वेळ दाखवील, तपासाला मदतही करील. पण पाहणे ही राखणीची निम्मी बाजू. दुसरी निम्मी बाजू उत्तर देण्याची आहे, आणि ती माणसालाच पार पाडावी लागते.

म्हणून गावाच्या सुरक्षेची कोणतीही योजना, मग ती ग्रामसभेत ठरो की मंत्रालयात, दोन प्रश्नांवर तपासून घ्यावी. चोरी झाली तर जाब कोण देणार? आणि निरपराध माणसाला हात लागला तर जाब कोण देणार? गस्त घालणाऱ्यांची नावे पोलीस पाटलाकडे नोंदलेली असावीत, त्यांना मानधन असावे, अनोळखी माणसाला अडवल्यावर पुढे काय करायचे याचा लेखी नियम असावा आणि तो मोडणाऱ्यावर आधी कारवाई व्हावी. फिरत्या समाजांतल्या लोकांना गस्तीत आणि ग्रामसुरक्षा दलात जागा मिळावी, कारण वाटा, मुक्काम आणि माणसे त्यांच्याइतकी कोणाला माहीत नसतात. या मागण्या खर्चिक नाहीत. जुन्या राखणीतली जातीची सक्ती कायमची गाडून टाकायची आणि तिच्यातली जबाबदारी मात्र कायद्याच्या भाषेत परत आणायची, एवढाच त्यांचा अर्थ आहे. ज्या गावाला या दोन प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, त्या गावात कितीही काठ्या आणि कॅमेरे असले तरी तिथे राखण नाही. तिथे फक्त संशय आहे.